काचेच्या घरातली संत्री आणि बॉयलरची ऊब



आपल्याकडे लिंबू-मोसंबीला ऊब द्यावी लागत नाही. सूर्यनारायण ती फुकट देतो, कधी कधी नको तितकी देतो. पण बर्फाच्या मुलखात पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला की लिंबाची कोवळी पालवी करपलीच समजा. म्हणून तिकडे काचेची घरे आली. काच एकदाच घ्यायची, सरपण मात्र दर हिवाळ्याला. तिथेच नाकापेक्षा मोती जड होतो!

फ्रान्सच्या राजाने व्हर्सायला १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांसाठी दालन बांधले. भिंती जाडजूड, खिडक्या दक्षिणेला. झाडे लाकडी खोक्यांत. थंडीत आत, उन्हाळ्यात बाहेर. राजाचे ठीक आहे, शेतकऱ्याने काय करावे?

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या अलायन्स गावी रस फिंच या शेतकऱ्याने १९९० च्या दशकात वेगळी वाट काढली. चार फूट खोल जमीन, वर दक्षिणेकडे उतरते छप्पर आणि सुमारे आठ फूट खोल पुरलेले नळ. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी त्या खोलीवर माती ११ अंशांच्या आसपास राहते. पंख्याने तीच हवा आत खेळवायची. एवढ्यावर संत्री, लिंबे, अंजिरे पिकली. खर्च मुख्यतः पंख्याच्या विजेचा.

यात बागाईतदाराने ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. आंबे बहारासाठी आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो. तिकडे तेच काम थंडी करते. म्हणजे झाड मरू नये इतकीच ऊब हवी, फार लाड केले तर फूल रुसते.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. इंग्लंडातील विसिंग्टनचा कारखाना बीटपासून साखर करतो. तिथे वीजघराचे गरम पाणी आणि धुराड्यातला कार्बन वायू शेजारच्या काचघरांत सोडला. सन २००० पासून टोमॅटो पिकू लागले आणि पुढे क्षेत्र वाढत सुमारे १८ हेक्टरांवर गेले. २०१७ च्या सुमारास तिथे औषधी भांगेची लागवड आली. पीक बदलले, ऊब तीच.

मग आपणही काचघर बांधायचे का? आमचे मत, नाही. आपला गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा; एरवी ऊब आणायची कुठून? आणि आपल्या झाडांना ती हवी आहे कुणाला? पण काँडेन्सरचे गरम पाणी फवारा-तळ्यात नुसते निववताना एवढे जरूर मनात आणावे, की आपण जिला टाकाऊ म्हणतो ती ऊब एका कारखान्याने शेतात नेली. नक्कल नको, हिशेब हवा. बगॅसलाही एके काळी आपण कचराच म्हणत होतो ना?