बारीक टोकाचं, पण सरसर चालणारं

"काका, बारीक टोकाची द्या, पण सरसर चालली पाहिजे." जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. दुकानदार मान डोलावतो, ०.५ ची रिफिल पुढे करतो. घरी आल्यावर पेन कागद खरवडायला लागतं आणि खापर कंपनीवर फुटतं. गिऱ्हाइकाने एका दमात दोन उलट्या गोष्टी मागितल्या होत्या, हे कुणी बोलत नाही.

रिफिलवरचा आकडा हा रेघेच्या जाडीचा नव्हेच. टोकात जी इवलीशी गोळी फिरते, तिचा तो मिलिमीटरमधला व्यास. कागदाला गोळीचा खालचा जरासाच भाग टेकतो, त्यामुळे साध्या बॉलपेनची रेघ व्यासाच्या साधारण निम्मी उमटते. म्हणजे १.० ची रिफिल घेतली की अक्षर स्केचपेनसारखं येईल, ही आईबाबांची धास्ती उगाच.

आता जरा हिशेब करू. १५ सेंटीमीटरची सरळ रेघ ओढायला १.० च्या गोळीला सुमारे ४८ फेरे घ्यावे लागतात, ०.५ च्या गोळीला ९५. त्यातून साध्या बॉलपेनची शाई तेलकट आणि चांगलीच दाट. त्या चिकट्यातून लहान गोळीला दुप्पट गरगरायचं असतं. शिवाय हाताचा सगळा जोर एवढ्याशा टोकावर येतो, ते कागदात रुततं आणि वहीचा कागद खरखरीत असला की त्याचे तंतूही ओढतं. शाई तीच असेल तर मोठी गोळी जास्त सहज चालणार. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. समोरचा ऐकून घेतो आणि ०.५ च उचलतो.

"मग माझं जेलपेन ०.५ असून कसं पळतं?" हाही ठरलेला प्रश्न. अहो, शाई वेगळी! जेलची शाई पाण्याची. गोळी फिरली की ती पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट. सॉसची बाटली हलवल्यावर होतं तसं. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ती बाजारात आणली. पण हे सुख फुकट नाही. रिफिल भराभर संपते, आणि ओल्या अक्षरांवरून हात फिरला की काय होतं ते एखाद्या डावखुऱ्या मुलाला विचारा. मधला रस्ता म्हणजे तेलाचीच, पण पातळ केलेली शाई. मित्सुबिशी पेन्सिलचं जेटस्ट्रीम (या कंपनीचा मोटारवाल्या मित्सुबिशीशी काही संबंध नाही) २००६ मध्ये जपानात आलं ते याच शाईच्या जोरावर. आपल्याकडे पाकिटावर 'लो व्हिस्कॉसिटी' असं लिहिलेलं दिसतं, ते हेच. बारीक टोकाचा हट्टच असेल तर आकड्याआधी हे शब्द शोधा.

पेन महाग असलं की सुरळीत चालतं, हीही एक समजूत. दांडी पकडायला आणि खिशाला लावायला असते. लिहिते ती रिफिल. टोक बनवणं किती अवघड आहे पाहा: जगाला पेनं पुरवणारा चीन त्यासाठीचं पोलाद बाहेरून आणत होता. तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग यांनी यावर जाहीर खंत व्यक्त केली होती, आणि ते पोलाद देशातच बनवल्याचं तिथल्या ताइयुआनच्या कारखान्याने २०१७ मध्ये जाहीर केलं.

बाकीच्या समजुती भराभर. "गोळी झिजली" असं म्हणतात, पण गोळी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते. ती ज्या खोबणीत बसते ती झिजते किंवा पेन टोकावर पडलं की चेपते. (रेनॉल्ड्स ०४५ वरचा 'कार्ब्युर' हा शब्द म्हणजे फ्रेंचमध्ये कार्बाइडच.) जेल रिफिलच्या शेपटाकडचा पारदर्शक थर म्हणजे बिघडलेली शाई नव्हे. शाई मागून गळू नये, सुकू नये म्हणून मुद्दाम घातलेलं ते ग्रीस असतं. टोचून काढू नका. काडी पेटवून टोक शेकलं की शाई घटकाभर पातळ होते खरी, पण भिंतीवर किंवा उताणं पडून लिहिताना टोकात हवा शिरली असेल तर शेकून उपयोग नाही, आणि नळी प्लास्टिकची आहे.

'जी-२' चा घोळ तर दुकानदारही करतात. आंतरराष्ट्रीय मानकात जी-२ म्हणजे पार्करच्या घाटाची जाड रिफिल. पायलटचं जी-२ हे एका जेलपेनचं नाव, आणि त्याची रिफिल पार्करच्या पेनात बसत नाही.

आणि दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर चार गोल काढून पेन पारखू नका, तिथे सगळीच पळतात. जाताना आपली वही न्या, दोन ओळी नेहमीच्या वेगाने लिहा. ०.७ आणि १.० शेजारी शेजारी.