सीसॅटची तयारी, लेखांक 6 : कोणता प्रश्न सोडायचा?

मागच्या दोन लेखांकांत उताऱ्यांवरचे प्रश्न पाहिले. तर्क आणि अंकगणिताकडे वळण्याआधी आज एक हिशेब मांडू. तो न मांडल्यामुळे भरपूर अभ्यास केलेली मुलेही पूर्व परीक्षेत अडकतात.

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा पेपर दोन 80 प्रश्नांचा, 200 गुणांचा आणि दोन तासांचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने सीसॅट 2011 मध्ये आणली आणि 2015 पासून ती केवळ पात्रतेपुरती ठेवली. आपल्या राज्य आयोगाने तसाच निर्णय 2022 मध्ये घेतला. आता 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की झाले. मुख्य परीक्षेसाठीची निवड पेपर एकच्या गुणांवर होते. 'फक्त क्वालिफायिंग आहे' म्हणत अभ्यासिकांमधून पेपर दोनची पुस्तके मागे पडतात, याची मला खरोखर काळजी वाटते. इथे 65 गुण पडले, तर पेपर एक कितीही चांगला गेला असला तरी त्याचा उपयोग नाही.

आता हिशेब. एका बरोबर उत्तराला अडीच गुण. 27 उत्तरे बरोबर आणि एकही चूक नाही, तर 67.5 गुण, तुम्ही पात्र. त्याच 27 बरोबर उत्तरांसोबत आठ चुका झाल्या, तर? प्रत्येक चुकीला पाव भाग, म्हणजे 0.625 गुण कापले जातात. आठ चुकांचे पाच गुण गेले, हाती राहिले 62.5. येणारे प्रश्न दोघांचेही तेवढेच होते. एकाने आठ जागा कोऱ्या ठेवल्या, दुसऱ्याने अंदाजाने भरल्या.

म्हणून सराव सोडवण्याचा हवा, तसाच सोडून देण्याचाही. ओळख कशी पटवायची? हे पाहा : 'सर्व तलाठी पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. म्हणून काही तलाठी कवी आहेत.' ऐकायला पटते, कारण कविता करणारा एखादा तलाठी आपल्या ओळखीचा असतो. ती ओळख बाजूला ठेवा. पदवीधरांचे मोठे वर्तुळ काढा, तलाठ्यांचे लहान वर्तुळ त्याच्या पूर्ण आत. कवींचे वर्तुळ मोठ्याला छेदते, पण लहानाला न शिवताही ते काढता येते. निष्कर्ष निघत नाही. अर्ध्या मिनिटाचे काम. असा प्रश्न कधीही सोडू नका.

याउलट, एकाच प्रश्नासाठी आठ जणांना गोल टेबलाभोवती बसवायचे आहे आणि अटींमध्ये 'किंवा' दोनदा आला आहे, तर खूण करून पुढे जा. 80 प्रश्नांना 120 मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, तेही उतारे वाचण्याचा वेळ धरून. हा एकटा प्रश्न पाच मिनिटे खाऊ शकतो.

कला शाखेच्या मुलांना गणिताची धास्ती असते. पण पाठ्यक्रमातले अंकगणित दहावीपर्यंतचेच आहे. किंमत 20 टक्क्यांनी वाढली, मग 20 टक्क्यांनी उतरली, तर मूळ किंमत परत येते का? 100 चे 120 झाले. 120 चे 20 टक्के म्हणजे 24 कमी झाले, उरले 96. सूत्र पाठ नसले तरी 100 धरून कागदावर मांडता येते. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग एवढे नीट बसले तरी भीती बरीच कमी होते. क्रमचय-संचय जमत नसेल तर खुशाल बाजूला ठेवा.

निर्णयक्षमतेचे प्रश्न मात्र कोरे ठेवू नका. तिथे चुकीला गुण कापले जात नाहीत.

या आठवड्यात आयोगाची एक जुनी प्रश्नपत्रिका घ्या. घड्याळ लावून पहिल्या फेरीत फक्त हातातले प्रश्न सोडवा, बाकीच्यांवर खूण करा. उत्तरे छापील उत्तरपत्रिकेच्या नमुन्यावरच रंगवा. मधला प्रश्न सोडला की तिथली ओळही कोरी राहायला हवी. 34 व्या प्रश्नाचे उत्तर 33 व्या ओळीत गेले, तर पुढची सगळी उत्तरे सरकतात. दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक ताडून पाहण्याची सवय आत्ताच लावून घ्या. पुढच्या लेखांकात नातेसंबंध आणि दिशा.