बोलपटाचे बोल

मराठीतील पहिला बोलपट कोल्हापुरात तयार झाला. १९२९ साली येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आणला. कथा होती दिलेल्या शब्दासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांचा वियोग पत्करणाऱ्या हरिश्चंद्राची. मराठी चित्रपटाला वाचा फुटली ती शब्दाचे मोल सांगत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आज त्याच नगरीतील दिवाणखान्यात सायंकाळी मालिका सुरू होते आणि दोन मिनिटांत आजोबांचा हात रिमोटकडे धावतो. पडद्यावरील पात्र आनंदले तरी शिवी, रागावले तरी शिवी.

कोल्हापूरची बोली मुळातच रांगडी. तालमीच्या कट्ट्यावर मित्राला मायेने शिवी हासडणारा गडी घराचा उंबरा ओलांडताच जीभ आवरत असे. तो उंबराच आता उरलेला नाही.

कलावंतांची बाजूही विचारात घ्यावी लागते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने १९७२ मध्ये खळबळ माजवली, परंतु त्यातील राकट भाषा त्या माणसाचे अंतरंग उघडे करणारी होती. प्रत्येक पात्र एकाच तऱ्हेने शिव्या देऊ लागले की कोणाचेच अंतरंग दिसत नाही; दिसते ते केवळ लेखकाचे शब्ददारिद्र्य.

कायदा या बाबतीत फार पुढे येत नाही. चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटास १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. वेबमालिकांचा वयोगट मात्र २०२१ च्या नियमांनुसार प्रसारक स्वतःच ठरवतात. ‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेतील भाषा इतकी असभ्य होती की, ती दालनात पाहताना कानाला इअरफोन लावावे लागले, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मार्च २०२३ मध्ये निकालपत्रात नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो खटला रद्द केला. शिवराळपणा अरुचिकर असला तरी तेवढ्यानेच तो कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. अर्थात, घराची राखण घरानेच करायची.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने हे ओळखले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड आकारण्याचा ठराव केला. भांडण दोन पुरुषांचे आणि अवमान मात्र तेथे नसलेल्या स्त्रीचा, हा अन्याय त्या ठरावाने नेमका हेरला.

जैन आचारात भाषासमिती व वचनगुप्ती यांना स्थान आहे : बोलावे ते हितकारक, मोजके, नपेक्षा मौन बरे. व्यापारी कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. लेखी करार नसतानाही निव्वळ शब्दावर माल देण्याघेण्याची रीत पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. ज्या घरात शब्द हेच भांडवल, तेथे त्याची अशी उधळण परवडणारी नाही.

उपाय साधे आहेत. १३+ व त्यावरील वयोगटाच्या कार्यक्रमांसाठी प्रसारकांना पालक-कुलपाची सोय द्यावीच लागते. ते कुलूप लावावे. परंतु मुलाच्या हातातील मोबाईलला प्रत्येक वेळी कुलूप पुरत नाही. तेथे त्याच्याजवळ बसून, ‘हा शब्द कोणाला लागतो?’ एवढेच विचारावे. आणि दुकानात हमालावर वा नोकरावर चिडताना वडिलांनी स्वतःची जीभ आवरावी. मूल पडद्याकडे पाहते, तसे गल्ल्याकडेही पाहतच असते.