तंतूंच्या हिशेबातले नसते अनंत

दोन मूलकण एकमेकांवर आदळल्यानंतर कोणते कण, कोणत्या दिशेने आणि किती शक्यतेने बाहेर पडतील हे ज्या राशीवरून ठरते तिला प्रकीर्णन आयाम म्हणतात. तंतुसिद्धांताचा उगमच अशा एका आयामात आहे. 1968 मध्ये गाब्रिएले वेनेत्सियानो यांनी तीव्र बलाने जखडलेल्या कणांसाठी एक सूत्र सुचवले आणि ते कंप पावणाऱ्या तंतूंचे वर्णन आहे, हा उलगडा मागाहून झाला. उत्तर आधी आणि सिद्धांत नंतर, ही खोड या विद्याशाखेला पुढेही पुरती सुटलेली दिसत नाही.

बिंदुकणांच्या सिद्धांतात आयाम काढताना कणांच्या आंतरक्रिया दाखवणाऱ्या फाइनमन आकृत्यांची संख्या पायरीगणिक झपाट्याने वाढते. याउलट बंद तंतू काळाच्या ओघात रेषेऐवजी पृष्ठ रेखाटत असल्यामुळे तेथे प्रत्येक पायरीला एकाच जातीचे पृष्ठ पुरते, आधी गोल, मग मेदूवड्यासारखे एका भोकाचे, त्यानंतर दोन भोकांचे. त्या पृष्ठाच्या सर्व संभाव्य आकारांवर संकलन केले की आयाम मिळतो. मात्र पृष्ठाचा एखादा भाग ताणला जाऊन लांबलचक नळी झाला की हे संकलन पुष्कळदा अनंत होते. नळीच्या लांबीवरचे संकलन 1/अ इतके भरते खरे, पण ते अ ही ऊर्जा व वस्तुमान यांवरून ठरणारी संख्या धन असेल तेव्हाच. अ ऋण झाली की संकलन अनंताकडे जाते आणि 1/अ हा अपूर्णांक मात्र सांत राहतो.

तंतुक्षेत्र सिद्धांत तंतूच्या प्रत्येक कंपनाला एक क्षेत्र मानतो आणि नळीच्या जागी थेट तो अपूर्णांक ठेवतो, त्यामुळे हे नसते अनंत उद्भवतच नाहीत. एडवर्ड विटन यांनी 1986 मध्ये खुल्या तंतूंसाठी असा सिद्धांत मांडला. अतितंतूंचे, म्हणजे बोसॉन व फर्मिऑन यांना जोडणाऱ्या महासममितीने युक्त तंतूंचे कोडे अधिक काळ अडून राहिले. तेव्हा अलाहाबादच्या हरीशचंद्र संशोधन संस्थेत असलेल्या अशोक सेन यांनी 2015 मध्ये ते सोडवताना काही जादा क्षेत्रे घेतली, जी कोणाशीही आंतरक्रिया न करता केवळ हिशेब जुळवण्यापुरती हजर असतात. अ शून्य झाल्यास अपूर्णांकही कोसळतो. तेथे आंतरक्रियेमुळे कणाचे वस्तुमान बदलल्याची ती खूण असते आणि क्षेत्रसिद्धांतात ते वस्तुमान नव्याने ठरवण्याची रूढ रीत आहे.

या पद्धतीचा कस द्विमितीय तंतुसिद्धांतात लागला. 2019 मध्ये बालथझार, रॉड्रिग्झ व यिन या संशोधकांच्या पृष्ठगणितात दोन स्थिरांक अनिश्चित राहिले होते आणि त्यांना ते निराळ्या, परंतु समतुल्य अशा सारणी प्रारूपाच्या उत्तराशी ताडून ठरवावे लागले. पुढल्याच वर्षी सेन यांनी दाखवले की तंतुक्षेत्र सिद्धांतात अशा स्थिरांकांची सांत व निःसंदिग्ध मूल्ये बाहेरच्या कोणत्याही आधाराशिवाय निघतात.