गरोदरपणात मनाची काळजी : धम्माचा आधार, घराची साथ

वस्तीत एखाद्या घरी सून गरोदर राहिली की तिच्या खाण्यापिण्याची, गोळ्यांची, सोनोग्राफीची चर्चा सुरू होते. पण "बाई, मनाला कसं वाटतंय?" असे तिला क्वचितच कोणी विचारते. एका खोलीचे घर, पाण्याची रांग, धुणीभांड्याची कामे, नवऱ्याच्या रोजंदारीचा भरवसा नाही. त्यात बाळंतपणाची भीती. मन थकणारच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत शंभरपैकी सुमारे १६ स्त्रियांना गरोदरपणात आणि सुमारे २० स्त्रियांना बाळंतपणानंतर मानसिक आजार होतो. त्यात नैराश्य मुख्य. तेव्हा हे नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

भीती घालू नका

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, अशी भीती अजूनही घातली जाते. ओठ फाटण्याचा आणि ग्रहणाचा काहीही संबंध नाही. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. त्यासाठी सुनेला टोमणे मारणे हा अन्यायच आहे. "रडलीस तर बाळ रडके होईल" असे म्हटल्याने तिचे रडे थांबत नाही. ती फक्त लपून रडू लागते. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवतो. सून रडते आहे, तर का रडते, हे घराने आधी विचारावे.

रोजची दहा मिनिटे

धम्मपदाच्या सुरुवातीलाच मनाला अग्रस्थान दिले आहे. मनाचा सराव रोज थोडा थोडा करावा. सकाळी किंवा रात्री त्रिशरण-पंचशील म्हणून भिंतीला पाठ टेकून बसा. मांडी घालणे जड जात असेल तर खुर्चीवर बसा किंवा डाव्या कुशीवर पडा. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहा. हेच आनापान. श्वास रोखून धरू नका, जोराने घेऊ-सोडू नका. मन भटकले तर रागावू नका, पुन्हा श्वासाकडे या.

शेवटी मैत्री भावना करा. करणीय मेत्त सुत्तात मैत्रीची उपमा आईच्या मायेचीच दिली आहे. ही मैत्री आधी स्वतःला द्या, मग पोटातल्या बाळाला, मग घरच्यांना. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवा किंवा सावकाश चार पावले चाला. बळजबरी नको.

पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्या भगिनींनी गरोदरपणात उपाशी राहू नये. सिद्धार्थाने कठोर उपासतापास सोडला, सुजाताची खीर स्वीकारली, आणि नंतर मध्यम मार्ग सांगितला. पोटभर जेवूनही शील पाळता येते.

घराचे काम

ध्यान एकटीने करायचे असले तरी ओझे तिने एकटीने वाहायचे नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. जी विश्रांती बाबासाहेबांनी गिरणी-कारखान्यातल्या बाईसाठी मागितली, ती आपण आपल्या सुनेला घरात देतो का?

नवऱ्याने पाण्याचे हंडे उचलावेत, तपासणीला सोबत जावे, दारू आणि शिवीगाळ घरातून हद्दपार करावी. पंचशील भिंतीवर लावून भागत नाही. सासूने दुपारी तासभर तिला आडवे होऊ द्यावे. विहारातल्या महिला मंडळाने गरोदर भगिनीच्या घरी आठवड्यातून एकदा जावे. उपदेश कमी करावा, ऐकून जास्त घ्यावे.

केव्हा थांबू नये

दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे, निवांत वेळ असूनही झोप न येणे, जेवण न जाणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, अशी लक्षणे दिसली तर आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या नर्सताईंना सांगा. रक्त कमी असले किंवा थायरॉइडचा त्रास असला तरीही थकवा आणि उदासी येते, म्हणून तपासणी हवीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

बोलायला कुणी नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटणे, बाळाला इजा करावीशी वाटणे, बाळंतपणानंतर भास होणे किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही झाले तर त्या बाईला एकटी सोडू नका. त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. गाडीसाठी १०८ क्रमांक लावा. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, आणि "ध्यान कर, बरे वाटेल" म्हणूनही थांबू नका.

बुद्धांनी दुःख नाकारले नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि उपायही आहे, असे सांगितले. आपल्या घरातल्या गरोदर लेकीला, सुनेला आजच जवळ बसवा आणि विचारा, "तुला कसं वाटतंय?" ती बोलेल तोवर ऐका.

जय भीम. नमो बुद्धाय.