नव्वदवाला की एकशेचारवाला?

हौशी खेळाडूला एक दुखणे हमखास जडते. गेल्या रविवारी ज्या हातांनी कमाल केली, तेच हात या रविवारी परक्याचे वाटू लागतात! क्रिकेटमध्ये निदान पंचाला किंवा खेळपट्टीला बोल लावता येतो. गोल्फमध्ये तीही सोय नाही. चेंडू स्वस्थ पडलेला, मारणारे आपण आणि मोजणारेही आपणच. अठरा होलचे मैदान साधारण ७२ फटक्यांत पुरे व्हावे, असा हिशेब. आपले हौशी गृहस्थ आज ९० वर येतात आणि आठवड्याने १०४ वर! मग घरी परतताना मनात येते, खरा मी कोणता? नव्वदवाला की एकशेचारवाला?

याचे उत्तर गोल्फनेच शोधून ठेवले आहे. २०२० पासून सुरू झालेल्या जागतिक हॅन्डिकॅप पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्या पाहतात. प्रत्येक आकड्यात त्या मैदानाचा अवघडपणा जमेस धरतात. वाऱ्यापावसाने त्या दिवशी सगळ्यांचाच खेळ बिघडला असेल, तर त्याचीही दखल घेतात. मग २० पैकी उत्तम ८ निवडून त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या १२ फेऱ्या काही नापासाच्या नव्हेत. माणसाचा खेळ खालीवर व्हायचाच, हे नियमानेच मान्य केले आहे! हॅन्डिकॅप सांगतो तो तुमचा रोजचा खेळ नव्हे, तुमच्या हातून काय होऊ शकते ते. नेहमीची फेरी त्याहून थोडी वाईटच जायची. एवढे ज्याला उमगले, त्याचा अर्धा ताप तिथेच उतरला.

आता तुम्ही म्हणाल, हे गोल्फपुराण बीडकरांना कशाला? ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात, तिथे गोल्फचे कौतुक कोणाला? पण आकड्यांचे हेच कोडे बीडच्या दोन तरुणांनी मोठे झकास सोडवून दाखवले आहे.

पहिला आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर धावायचे, ही त्याची स्टीपलचेस शर्यत. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला. वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. नुसता आकडा वाचणारा म्हणाला असता, ‘आटोपले!’ तीन आठवडे उलटले नाहीत तोच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक पटकावले. नवा राष्ट्रीय विक्रम झाला आणि सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने! वीस सेकंदांचा हा फरक आला कुठून? यूजीनची शर्यतच संथ झाली होती. तिथे विजेत्यालाही ८ मिनिटे २५ सेकंद लागले होते. पाय तेच, मामला निराळा!

दुसरा बीडचा सचिन धस. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याच्या पहिल्या चार डावांतील धावा २६, २१, २० आणि १५. उतरता जिनाच म्हणा ना! पण तो फलंदाजीला येई तेव्हा चेंडूच थोडे उरलेले असत. नेपाळविरुद्ध लवकर संधी मिळाली आणि ११६ धावा निघाल्या. उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग करताना ३२ धावांत ४ गडी गारद झाले होते. तिथून त्याने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी रचली; स्वतःच्या ९६. आणि अंतिम सामन्यात? अवघ्या ९! चौथ्या डावानंतरच कोणी त्याला बसवले असते, तर ते ११६ आणि ९६ कुठून आले असते?

म्हणून शाळेच्या मैदानावर पोराच्या एका भोपळ्यावरून ‘तुला जमायचे नाही’ असा निकाल देणाऱ्या वडिलांनी आणि मास्तरांनी जरा थांबावे. त्याला एक वही घेऊन द्यावी. तीत नुसता आकडा नको. मैदान कसे होते, समोर कोण होते, झोप किती झाली होती, घोटाळा कुठे झाला, हेही लिहावे. एका वाईट दिवसापायी पवित्रा बदलू नये आणि एका चांगल्या दिवसाने हुरळूनही जाऊ नये. वीस नोंदी झाल्यावर मात्र वही उघडून नीट पाहावे. तीच ती चूक पुनःपुन्हा दिसली, तर तिच्यावर घाम गाळावा. न दिसली, तर ती निव्वळ भरती-ओहोटी समजावी.

बालाघाटच्या डोंगरातला शेतकरी एका सालच्या पिकावरून रानाची पत ठरवत नाही. त्या साली पाऊस किती झाला, हे तो आधी विचारतो. खेळणाऱ्या पोराच्या वाट्याला एवढा न्याय यायला काय हरकत आहे?