बोटीवर गाणी हवीत, पण बॅटरीही शाबूत हवी!

तारकर्लीच्या खाडीत पर्यटकांना फिरवणारी बोट असो की गोव्यात मांडवीवर हौसेने ठेवलेली छोटी लाँच, गाण्यांशिवाय सहल अळणीच वाटते. स्पीकर घेताना बोटमालक चांगला चोखंदळ असतो. अॅम्प्लिफायरच्या वेळी मात्र खोक्यावरच्या '१००० वॉट' या ठळक आकड्याला तो हमखास भुलतो. हा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. पाहायची ती आरएमएस शक्ती. प्रत्येकी ५० वॉट आरएमएसचे, ४ ओहमचे चार स्पीकर असतील, तर चारही चॅनेलमधून ४ ओहमला तेवढीच शक्ती मिळाली की झाले. दोनच लहान स्पीकर असतील तर अॅम्प्लिफायर घेऊच नये. स्टिरिओच्या अंगच्या शक्तीवर काम भागते.

खरी मेख बॅटरीत आहे. जुन्या धाटणीचा 'एबी' वर्गाचा अॅम्प्लिफायर बरीचशी वीज उष्णतेतच घालवतो. 'डी' वर्गाचा सुमारे ८० टक्के वीज कामी लावतो. म्हणजे २०० वॉट आवाजासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून एबी वर्ग ३० अँपिअरहून अधिक ओढेल, तर डी वर्ग साधारण २०. गाणी काही सतत पूर्ण शक्तीने वाजत नाहीत, हे खरे. पण नांगर टाकून, इंजिन बंद ठेवून तीन तास मैफल रंगली आणि निघताना स्टार्टर नुसताच टिकटिकला तर? ओहोटी काही थांबून राहत नाही. म्हणून संगीताची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवावी. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

काटकसर करायचीच तर मोटारीसाठीचा अॅम्प्लिफायर चालेल का? कोरड्या, हवेशीर केबिनमध्ये काही काळ चालेलही. उघड्या डेकवर खारी हवा त्याचे सर्किट लवकरच पोखरते. तिथे सर्किटवर संरक्षक लेप असलेला सागरी अॅम्प्लिफायरच घ्यावा. पेट्रोलच्या टाकीच्या बंदिस्त कप्प्यात मात्र मोटारीचे यंत्र कधीही बसवू नये. एक ठिणगी पुरते. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

पक्के स्क्रू मारण्याआधी अॅम्प्लिफायर सुरू करून व्हीएचएफ संचाचा १६ क्रमांकाचा चॅनेल ऐकावा. डी वर्गाच्या यंत्रामुळे कधी कधी त्यात खरखर येते. तसे झाले तर यंत्र आणि त्याच्या तारा अँटेनापासून दूर हलवाव्यात. संकटाची हाक याच चॅनेलवर येते.